काल का नाही आलात?

गेल्या सोमवारी मी बागेत गेले नाही. कारण सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ताप नव्हता, पाऊस नव्हता, गुडघा रोजच्याइतकाच दुखत होता. पावणेसहाचा गजर झाला, तो बंद केला आणि कुशीवर वळले, इतकंच.

सातला पाच कमी असताना फोन वाजला.

"बाई, बरं आहे ना? आज दिसला नाहीत."

"हो हो, बरं आहे. ते जरा... काल झोपायला उशीर झाला."

चौतीस वर्षं मुलांच्या थापा ऐकण्यात घालवलेल्या बाईला स्वतःला एक साधी थाप नीट मारता आली नाही! मंगळवारी सव्वासहाला मी बागेत हजर होते, हे वेगळं सांगायला नको.

त्या फोनवर मग दोन दिवस विचार करत राहिले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला अंथरुणातून उठवतं कोण? माझी इच्छाशक्ती? डॉक्टरांचा सल्ला? मरणाची भीती? खरं सांगायचं तर यातलं काहीही नाही. मला उठवतो तो एक प्रश्न, "काल का नाही आलात?" आज त्याच प्रश्नाबद्दल लिहावंसं वाटतं आहे.

सुरुवातीपासून सांगते. आमचे हे २०१५ मध्ये गेले. त्यानंतर वर्षभरात माझं वजन वाढलं, गुडघे धरले, बोरिवली स्टेशनचा पूल चढताना मधे दोनदा थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला. दुसरं औषध नाही." मुलाने चांगले महागाचे बूट आणून दिले. मी वहीत तारखा घालून चालायला सुरुवात केली. अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी पाहुणे आले, तेराव्या दिवशी पाहुणे गेल्याचा थकवा आला, आणि चौदाव्या दिवशी वही कपाटात गेली.

तेव्हा मी दोष कोणाला दिला? अर्थातच स्वतःला. "मनच खंबीर नाही माझं!" शाळेत असताना मुलांना मी हेच सांगत आले होते ना. मनावर घेतलं की सगळं होतं, मनावर घेत नाहीस म्हणून होत नाही. हजारो मुलांना ऐकवलेलं ते वाक्य असं उलटून माझ्याच अंगावर आलं. आणि गंमत म्हणजे त्या वाक्याने मला काडीचीही मदत झाली नाही. उलट वही कपाटात आहे हे आठवलं की जास्तच अपराधी वाटायचं आणि मग चालायला जायचा विषयच नको वाटायचा. आपल्या या वाक्याने किती मुलांना असंच वाटलं असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

तर असो. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन एका सकाळी दारात उभ्या राहिल्या. "टीचर, चलो. मी एकटी जाते, मला कंटाळा येते." त्यांना माझ्या तब्येतीची काळजी होती असं नाही, त्यांना सोबत हवी होती. सोबत म्हणून गेले ती आजतागायत जाते आहे.

आमचा गट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कपासून फार लांब नसलेली एक छोटीशी बाग. सकाळी सव्वासहा ते सात. पटावर तेवीस जण, रोज येणारे पंधरा-सोळा. फी नाही, पावती नाही, बॅनर नाही. वर्षातून एकदा कोजागरीला दुधाचे पैसे काढतो तेवढेच. व्यायाम घेतात ते बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची आकडे म्हणायची एक खास पद्धत आहे. "पाच... सहा... सात... सात... अजून सात..." आठ काही केल्या येत नाही! कोणाचा तरी पाय थरथरत असतो, कोणीतरी दात-ओठ खात असतं, आणि हे मजेत सातवरच उभे. पूर्वी बसमध्ये पास न दाखवणाऱ्यांशी ते असेच वागत असणार.

व्यायाम सगळे साधेच. मान, खांदे, घोटे फिरवणं, खुर्चीवर बसल्यासारखं अर्धं वाकून उभं राहणं, टाचा उचलणं, भिंतीला हात लावून जोर, शेवटी प्राणायाम. आणि एका पायावर उभं राहणं, ज्याला आम्ही 'बगळा' म्हणतो. तरुण वाचकांना हे हसू येण्यासारखं वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत असं आवर्जून सांगितलं आहे, तेही पडझड टाळण्यासाठी. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे तो वेगळाच. आमच्या वयात पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं आणि त्यानंतर माणूस बागेतच काय, गॅलरीतही येत नाही. म्हणजे आमचा बगळा हा गमतीचा विषय नव्हे!

हा बगळा आम्ही जोडीने करतो. बेन आणि मी समोरासमोर, एकमेकींची बोटं धरून. एकीचा पाय खाली टेकला की दुसरीनेही टेकायचा, असा नियम. एकटी उभी राहिले तर मी दहा आकड्यांत पाय टेकते. पण बेनचा हात हातात असला की पंधरापर्यंत सहज जाते. कारण आपल्यामुळे तिचा पाय खाली यायला नको ना!

मला हा आपला माझाच भाबडेपणा वाटत होता. नंतर वाचनात आलं की हे शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी तपासून ठेवलं आहे. बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या गड्यांवर क्योलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात प्रयोग केले. वजनाचा दांडा हाताने वर-खाली करायचा, थकेपर्यंत. आधी एकट्याने आपापला. मग दोघांना मिळून दुप्पट वजनाचा एकच दांडा. एकाने हात सोडला की दुसऱ्याला तो पेलणारच नाही. तेव्हा असं दिसलं की जोडीतला जो कच्चा, तो एकट्याने जेवढा टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला. तेही दोघांच्या ताकदीत थोडा फरक असेल तेव्हा. फारच मोठा फरक असेल तर मात्र हा फायदा ओसरतो.

पण याच्या उलट बाजूचाही प्रयोग आहे, आणि तो यापेक्षा जुना. रिंगलमान नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावला आणि ओढ किती बसते ते मोजलं. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं जितकी वाढवावीत तितका प्रत्येकाचा जोर कमी होत गेला! आपल्याकडे बारभाईची शेती म्हणतात ती हीच. सगळेच ओढत आहेत, मी थोडा ढिला सोडला तर कोणाला कळणार आहे?

दोन्ही ठिकाणी माणसं एकत्रच होती. मग एकीकडे जोर वाढला आणि दुसरीकडे घटला, असं का? मला समजलं ते असं. नुसता घोळका माणसाला बळ देत नाही. माझं असणं-नसणं कोणाच्या तरी लक्षात येणार असेल, माझ्यावाचून कोणाचं तरी अडणार असेल, तरच बळ येतं. नाहीतर गर्दीत माणूस आळशीच होतो. शाळेत साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं काय करायची ते मी पाहिलेलं आहे.

आता आपल्या उपनगरातलीच एक खरी गोष्ट सांगते. १९९५ साली अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये डॉ. मदन कटारिया नावाचे एक फॅमिली डॉक्टर होते. हसण्याचे आरोग्याला फायदे यावर लेख लिहिता लिहिता त्यांना वाटलं, लिहायचं कशाला, करूनच पाहू. १३ मार्चच्या सकाळी ते बागेत गेले आणि फिरायला आलेल्यांना म्हणाले, चला, हसण्याचा क्लब काढू. लोक त्यांनाच हसले. पहिल्या दिवशी जेमतेम पाच माणसं गोल करून उभी राहिली. एकेकाने मधे यायचं, विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. बघता बघता गोल मोठा झाला. पण दोनेक आठवड्यांत झालं काय, की चांगले विनोद संपले! मग आचरट विनोद सुरू झाले, कोणाला तरी टोचणारे, दुखावणारे. काही जण चिडले, आम्ही येणार नाही म्हणू लागले.

क्लब तिथेच बंद पडायचा. पण डॉक्टरांनी विनोदच काढून टाकले. विनोदाशिवाय, नुसतंच एकमेकांच्या डोळ्यांत बघून हसायचं. पहिलं हसू खोटं असतं, पण समोरच्याचं बघून दुसरं खरं येतं. त्यांच्या पत्नी माधुरीताई योग शिकवायच्या, त्यांनी त्याला श्वसनाची जोड दिली. पुढे हा प्रकार शंभराहून अधिक देशांत गेला. आज मे महिन्यातला पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळतात.

माझी आतेबहीण तेव्हा अंधेरीला राहायची. अशाच एका हास्यक्लबात ती जाऊ लागली तेव्हा मी तिची खूप टिंगल केली होती. "अगं, कारण नसताना हसतात ते कुठे, ठाऊक आहे ना?" ती शांतपणे म्हणाली, "कारण नाही कसं? समोरची हसते हेच कारण." मला तेव्हा ते उत्तर पोरकट वाटलं होतं. आज वाटतं, मूळ मुद्दा तिला माझ्या आधी वीस वर्षं कळला होता. विनोद संपले तरी माणसं येत राहिली, कारण ती विनोदासाठी येतच नव्हती!

याच अंधेरीच्या वर्सोवा किनाऱ्यावर १९१८ मध्ये श्री योगेंद्रांनी 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. गुहेतला योग त्यांनी संसारी माणसांच्या वर्गात आणला, तो वर्ग आज सांताक्रूझला भरतो. तेव्हा चारचौघांनी जमून व्यायाम करणं ही जिमवाल्यांनी आणलेली टूम आहे, असं कोणी समजू नये. आपल्याकडे तालमी होत्याच की. माझ्या गावच्या तालमीत वस्ताद रोज पोरांची तोंडं मोजायचे. एखादा दिसला नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी निरोप जायचा. आम्हा मुलींना मात्र तालमीच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. भावाला डबा द्यायला गेले की दारातूनच आत डोकवायचं, लाल मातीचा वास घ्यायचा आणि परत फिरायचं.

इथवर सगळं गोड गोड लिहिलं. आता कडू लिहायला हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. कारण गट माणसाला उभं करतो तसा मोडूही शकतो, आणि मोडणाऱ्यांत मीही होते.

१९८३ ची गोष्ट. शाळेत लेझीम पथक माझ्याकडे होतं. सव्वीस जानेवारी जवळ आलेली. सातवीतली एक मुलगी, अंगाने जाड, ताल चुकायची. सगळ्यांचे चार आवाज झाले की हिचा एक आवाज मागून यायचा. मुली फिदीफिदी हसायच्या. मी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिच्या हातातली लेझीम काढून घेतली आणि म्हटलं, "तू आपली चपला सांभाळ." पथक छान झालं. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. त्यानंतर त्या मुलीच्या, पी.टी.च्या तासाला पोटात दुखतं अशा चिठ्ठ्या यायला लागल्या. मी त्या न वाचता पेटीत टाकत गेले.

२०१९ मध्ये बोरिवली स्टेशनच्या पुलावर एका बाईने वाकून नमस्कार केला. ओळख पटेना. ती हसत म्हणाली, "बाई, मी नाही का, चपलावाली!" सहज म्हणाली, मनात काही न ठेवता म्हणाली. चहा घ्यायला घरी बोलवून गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "बाई, त्यानंतर मी कधी व्यायामच केला नाही हो. लाज वाटायची."

छत्तीस वर्षं! चहाला मी अजून गेलेले नाही. फोन नंबर आहे माझ्याकडे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नौकानयन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर २००९ मध्ये एक प्रयोग केला. तेवढेच श्रम, पण एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी एका तालात. तालात वल्हवल्यावर त्यांची वेदना सहन करण्याची ताकद जास्त भरली. हे वाचलं तेव्हा मला ते पथकच आठवलं. एका तालातली ही जी ताकद आहे, ती त्या मुलीला सर्वांत जास्त हवी होती आणि तिलाच मी रांगेबाहेर काढलं. ताल चुकणाऱ्या एका मुलीसाठी मला आकडे थोडे सावकाश म्हणता आले असते. आमचे कंडक्टरसाहेब सातवर थांबतात, तसे.

दादरला शिवाजी पार्कवर १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. ज्यांना दिसत नाही अशी मुलं मल्लखांबावर चढतात, आणि माझ्या पथकात ताल चुकणारी एक मुलगी मावली नव्हती. यावर आणखी काय बोलणार?

आमच्या बागेतल्या गटाचीही एक चूक सांगते. २०१८ मधली. आमच्यात एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय टापटिपीचे. ते यायचे बंद झाले. आठवडा गेला, दुसरा गेला. प्रत्येकाला वाटलं, मुलाकडे पुण्याला गेले असतील. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यांची 'सुप्रभात' रोज यायची, फुलाच्या चित्रासह. मग काळजी कसली? एकोणिसाव्या दिवशी कंडक्टरसाहेब सहज त्यांच्या घरी गेले तर काका गॅलरीत पेपर वाचत बसलेले. आजारी नव्हते, कुठे गेलेही नव्हते. आपलं गुडघ्यामुळे जमिनीवर बसता येईना, बसलं तर उठता येईना, दोघांनी धरून उठवावं लागायचं. त्याची लाज वाटली म्हणून येणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरसाहेबांनी स्वतःच्या घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन बागेत आणली. काकांना काही विचारलं नाही, काही बोलले नाहीत. खुर्ची रांगेत ठेवली आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. महिन्याभरात खुर्च्या तीन झाल्या! म्हणजे आणखी दोघं जण जमिनीवर बसून मुकाट सोसत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या दिवशी मी घरून एक कोरी वही आणली, रेघा मारल्या आणि तेवीस नावं लिहिली. होय, हजेरीपट! थोडी चेष्टा झाली. "बाई अजून निवृत्त झाल्या नाहीत." पण नियम ठरला. एक दिवस कोणी दिसलं नाही तर त्या दिवशी पाळी असेल त्याने फोन करायचा. तीन दिवस दिसलं नाही तर घरी जायचं. व्हॉट्सॲपवरची फुलं हजेरीत धरायची नाहीत.

२०२० च्या मार्चमध्ये बागा बंद झाल्या तेव्हा ही वही कामी आली. सव्वासहाला पहिल्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी. शेवटच्याने कंडक्टरसाहेबांना. मग जो तो आपापल्या गॅलरीत किंवा गादीशेजारी व्यायाम करी. कोण खरंच करत होतं आणि कोण नुसतं 'हो' म्हणत होतं ते देवाला ठाऊक. पण एका सकाळी साखळी मधेच तुटली. एकट्या राहणाऱ्या आमच्या एक ताई फोन उचलेनात. त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं. त्या तापाने निपचित पडल्या होत्या. इस्पितळात न्यावं लागलं, बारा दिवसांनी घरी आल्या. आता बागेत माझ्या डावीकडे उभ्या असतात.

हे सगळं मी सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आमच्या जिममध्येही असंच असतं. तुम्ही एकदा येऊन तर बघा." मला जिमबद्दल आकस होता, कबूल करते. आरसे, कानठळ्या बसवणारं संगीत आणि हजारोंची फी. तरी गेले एकदा, कोपऱ्यात स्टुलावर बसले. अकरा वाजताची बायकांची बॅच होती. वीसेक जणी, बहुतेक डबे भरून, मुलांना शाळेत सोडून आलेल्या. संगीत कर्कशच होतं, त्यात माझं मत बदललं नाही. पण शेवटच्या रांगेत बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आलेली एक मुलगी होती, मधेच थांबून धापा टाकत होती. शेजारची नाचता नाचता तिच्यापाशी सरकली आणि तिच्याच संथ गतीने पावलं टाकू लागली. शिकवणारीने सांगितलं नव्हतं. मला गहिवरून आलं. म्हटलं, हे आमचंच की! छप्पर आणि गाणी तेवढी वेगळी.

तिथेच एक गोष्ट खटकलीही. भिंतीवर एक फळा होता, महिन्यात कोणाचं वजन किती उतरलं त्याचा. पहिल्या तिघींची नावं ठळक. मी सुनेला विचारलं, "आणि शेवटच्या तिघी?" ती म्हणाली, "त्या येत नाहीत हल्ली." वर्गात गुणांचे नंबर लावून मीही अशी कित्येक मुलं 'हल्ली येत नाहीत' या रकान्यात ढकलली असतील. माझं मत विचाराल तर त्या फळ्यावर वजनाऐवजी हजेरी लिहावी. वजन उतरणं काही सर्वस्वी आपल्या हातात नसतं, येणं असतं. आणि जी आली नाही तिचं नाव फळ्यावर लिहू नये, तिला फोन करावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. माझे एक स्नेही म्हणतात, "म्हणजे तुमची प्रेरणा उसनीच की! माणसाने स्वतःच्या बळावर करायला हवं. उद्या गट मोडला तर?" त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. गट मोडतात. आमच्या वहीत २०१८ पासून चार नावांपुढे मी रेघ ओढली आहे, आणि ती रेघ ओढताना हात थरथरतो. पण स्वतःच्या बळावर असं आपण आयुष्यात काय केलं? चालायला कोणीतरी बोट धरून शिकवलं, वाचायला कोणीतरी बाकावर बसवून शिकवलं. मग म्हातारपणी एका पायावर उभं राहायला कोणाचं तरी बोट धरलं तर त्यात कमीपणा कसला? आणि उसनं घेतलेलं परत करताही येतं. आठवड्यातून एक दिवस फोन करायची पाळी माझीही असते.

म्हणून मला वाटतं, तुम्ही बागेत जा, जिममध्ये जा, योगवर्गाला जा, हास्यक्लबात जा. यंत्रं किती आहेत, फी किती आहे, हे जरूर पाहा. पण त्याआधी दोन गोष्टी पाहा. तुम्ही दोन दिवस गेला नाहीत तर तिथे कोणाच्या लक्षात येतं का? आणि तिथला सगळ्यात कच्चा माणूस कुठे उभा असतो, रांगेत की चपलांपाशी? या दोन प्रश्नांची उत्तरं समाधानाची असतील तर डोळे मिटून नाव घाला. नसतील तर चार शेजाऱ्यांना गोळा करा आणि एक वही आणा. एवढं पुरतं.

उद्या फोनची पाळी माझी आहे. बागेचे फोन सात वाजता होतील. त्यानंतर आणखी एक फोन करायचा ठरवलं आहे, चहाला येते म्हणून. आणि जमलंच तर तिला विचारणार आहे, "अगं, सकाळी सव्वासहाला काय करतेस?" बोरिवलीतच राहते ती. आमच्या रांगेत जागा आहे, आणि लागली तर खुर्चीही आहे.